छपराची पन्हळ

हात गेला आणि तिथं काही नव्हतं. डाव्या हातात भरलेला लोटा, आणि उजवा हात आपला आपण खांबाच्या कडेला गेला, पन्हळीचं तोंड जवळ ओढून घ्यायला, जसा तो इतके उन्हाळे रोज सकाळी जात आला. बोटं मिटली ती नुसत्या हवेवर. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन आधीच लागावी, तसं सगळं अंग दचकलं. लोटा कलला, पाणी माझ्याच गुडघ्यावर सांडलं. खाली, ओट्यापासून लांब, दगडापाशी फुलीबाई वाकून उभी होती. ओंजळ तोंडाशी, डोळे मिटलेले. पाणी कुठून आणि केव्हा येणार हे तिच्या ओंजळीला माझ्या हाताइतकंच पाठ होतं. ती वाट बघत राहिली, मी सांडत राहिले. पत्र्याच्या एका तुकड्यावर दोन जाणत्या बायका इतक्या विसंबून असाव्यात याचं मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. पन्हळ परवा संध्याकाळी काढली, माझ्यादेखत काढली. डोक्याला ठाऊक होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय वं बाई," फुलीबाईनं डोळे उघडले, "आज पानी नही का?"

"शे ना, शे. थांब जराशी."

थांब म्हणाले खरी, पण कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. आमची पाणपोई तळोद्याच्या बाजाराच्या तोंडाशी आहे. समोर आमचं कापडाचं दुकान, मध्ये रस्ता, रस्त्याच्या या अंगाला दगडी ओटा, वर पत्र्याचं छप्पर, आणि ओट्यावर ओल्या वाळूत रोवलेले रांजण. सासऱ्यांनी आपल्या आईच्या नावानं ती घातली. आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या, आधी रांजण मांडायचे ते पार मृगापर्यंत. माझे मालक गेले तेव्हा माझ्या पदरी मूल नव्हतं, वयही फार नव्हतं, आणि घरात आतल्या खोलीशिवाय मला जागा नव्हती. त्या खोलीला खिडकी नाही. जोंधळ्याच्या कोठ्या, त्यांचा तो कोंडलेला गोडूस वास, आणि मी. मग कुणाच्या तरी मनात आलं की विधवेनं पाणी पाजावं, पुण्य तिला आणि नाव घराला. तेव्हापासून उन्हाळ्याचे दिवस माझे. उरलेलं वर्ष मी त्यांची वाट बघत काढते. पदर छातीपर्यंत ओढून बसायचं असतं, पण पदराच्या विणीतून सगळं दिसतं. म्हसावदकडच्या कापसाच्या गाड्या, बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ, बांगड्या भरून घेताना रडणाऱ्या पोरी, चारोळी आणि डिंक घेऊन डोंगरातून उतरलेल्या बाया, भर बाजारात उभं राहून नवऱ्याशी भांडणारी एखादी. एवढं जग मला फडक्यातून गाळून मिळतं, आणि मी ते पोटभर घेते.

गाळण्यावरून आठवलं. पाणी आम्ही गाळल्याशिवाय पीत नाही. घागर आली की दुहेरी फडक्यातून रांजणात सोडायची. फडक्यावर राहतं ते झटकून टाकायचं नाही. डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्यात जीव असतात; ते फडकं गाळलेल्या पाण्यानं हलकेच खंगाळायचं, आणि ते पाणी नेऊन ज्या विहिरीचं त्या विहिरीत सोडायचं. जिवाणी म्हणतात त्याला. भांडं दोरीनं पार खाली, पाण्याला टेकेपर्यंत न्यायचं आणि मग कलतं करायचं, कारण उंचावरून ओतलं तर जीव दुखावतात. आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं, आणि माझा हात त्यात आजवर चुकलेला नाही. न दिसणाऱ्या जिवांना धक्का लागू नये म्हणून मी विहिरीच्या काठावर ओणवी होते. आणि फुलीबाई, जी माझ्याएवढीच आहे, माझ्यासारखीच एका गुडघ्यानं अधू, तिला उंचावरून, पन्हळीतून. हे दोन हात एकाच बाईचे आहेत हे मला किती तरी वर्षं सुचलंच नाही.

पन्हळ राकेलच्या डब्यांचे पत्रे जोडून, वाकवून केलेली. तिचं एक तोंड वर खांबाच्या खिळ्याला, दुसरं खाली उतरत त्या दगडाच्या वर, ओंजळीच्या उंचीवर. बाजारातले दुकानदार, गुजर शेतकरी, शाळेचे मास्तर येतात ते ओट्याच्या पायरीशी उभे राहतात आणि लोटा हातात घेतात. डोंगरातली माणसं दगडापाशी जातात. तिकडे जा, असं मी कधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. कुणीच म्हणत नाही. मी नवी नवी इथं बसले तेव्हा मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. पन्हळ होती, आणि पुढचं सगळं तिनंच शिकवलं.

"काकी!" मागून दगाची हाक आली. दगा म्हणजे आमच्या दुकानावरचा माणूस, भला, थोडा मंद, सांगितलं तेवढंच करणारा. त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली ती लांब वस्तू होती. "शेठनी धाडं. पन्हय लाई दे म्हने, बाजार भराना आधी."

"राहू दे."

"राहू देऊ?"

"हातात धर. लावू नको."

तो धरून उभा राहिला. दगाचं तेच चांगलं आहे, का म्हणून विचारत नाही. का ते विचारणारा एकच होता आमच्या घरात, आणि तो आज सकाळच्या मोटारीनं नंदुरबारला गेला, न जेवता. धरमचंद, माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. तो या ओट्यावर वाढला. त्याची आई, माझी मोठी जाऊ हीराबाई, घरच्या रगाड्यात; पोर माझ्यापाशी. रांजणांखालच्या ओल्या वाळूत तो बोटानं अक्षरं गिरवायचा. तो मास्तरांकडून शिकला, मी त्याच्या बोटाकडून. मी शिकते आहे हे त्याला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा त्यानं वाळूत मोठ्या ऐटीत 'गाढव' लिहिलं, तर मी पदराआडून हात काढून त्याच्या पुढे 'तू' लिहिलं. तो वाळूकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि इतका हसला की पायरीवर पाणी पिणाऱ्या गिऱ्हाइकाला ठसका लागला. ते आमचं गुपित. घरात अजून कुणाला माहीत नाही की साखरेच्या पुड्यांचे कागद मी चुलीत घालण्याआधी वाचून काढते.

नंदुरबारच्या हायस्कुलात गेल्यापासून तो सुट्टीला आला की नवे नवे शब्द घेऊन यायचा. गेल्या दिवाळीत आणला तो 'नागरिकशास्त्र'. प्रांतात आपल्या लोकांचं राज्य आलंय, म्हणाला, आता सगळ्यांनी नागरिक व्हायचं, शाळेत त्याचा तासच असतो. "काकीसा, नागरिक म्हणजे कोण, सांग."

"नगरात राहतो तो."

"मग तू आहेसच की."

"मी घरात राहते रे."

तो खट्टू झाला, तसा मी त्याच्या ताटात आणखी एक घेवर ठेवला. हसण्यावारी गेलं ते. पण त्यानं ते मनात ठेवलं असणार. माघात जिल्ह्यातल्या सगळ्या हायस्कुलांच्या मुलांची निबंधाची चढाओढ झाली, विषय 'मी पाहिलेला आदर्श नागरिक', आणि आमच्या धरमचा पहिला नंबर आला. कुणावर लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही. घरात सगळे धरून चालले की बापावर, म्हणजे माझ्या जेठांवर, रतनलालजींवर. जेठजींनीही तसंच धरलं, आणि दुकानात पेढे वाटले.

मग सांगावा आला की निबंधात पाणपोई आहे. परीक्षकांचे मुख्य, शाळाखात्यातून पेन्शनीत गेलेले एक वयस्क साहेब, धुळ्याहून येऊन ती स्वतः बघणार, पदकही तिथंच देणार, फोटो काढणार. झालं. ओट्याला चुना काढला. आंब्याचं तोरण बांधलं. रांजणांना गेरू लावला. परवा संध्याकाळी जेठजी रस्त्यापलीकडे उभे राहून पाणपोईकडे बघत होते, मान या बाजूला, त्या बाजूला, जसं कापडाचं ठाण पसरून डाग शोधतात. मग म्हणाले, "दगा, ती पन्हळ काढ. गोदामात ठेव." एवढंच. माझा हात रांजणात होता, तो तिथंच राहिला. इतकी वर्षं मला वाटायचं की ती आमच्या घरात कुणाला दिसतच नाही. जशी भिंत दिसत नाही, छप्पर दिसत नाही. जेठजींना दिसत होती. चांगली लख्ख दिसत होती.

आणि काल. साहेब आले, काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, घामानं चिकटलेला कोट. गाव लोटलं होतं. मला म्हणाले रांजणापाशीच बसा बाई, फोटोत शोभेल. मी पदराचं गाठोडं होऊन बसले. साहेबांनी निबंध वाचायला घेतला, आणि तो माझ्यावर होता. माझं नाव नाही, नुसतं 'माझी काकी'. ती उन्हाळाभर बसते, ती कुणाला नाही म्हणत नाही, तिचा आवाज फार कमी ऐकू येतो पण तिचा लोटा कधी रिकामा नसतो. इथवर मला पदराआड गुदगुल्या होत होत्या, डोळ्यांत पाणीही आलं. मग साहेबांनी आवाज चढवला: "'तिच्या हाताला उच्च आणि नीच ठाऊक नाही. डोंगरातून आलेला भिल्ल आणि गावातला सावकार यांना ती एकाच मायेनं पाणी पाजते. नागरिकशास्त्राचा पहिला धडा मी पुस्तकात वाचला नाही, माझ्या काकीच्या हातात पाहिला.'" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराखाली माझ्या हाताकडे बघितलं. पाण्यानं पांढरा पडलेला, बोटांच्या पेरांना चिरा गेलेल्या, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा तो मांडीवर पडला होता. साहेबांनी हार घातला तो जेठजींना. ते ठीकच, माझ्या गळ्यात घालायला परका पुरुष धजला नसता, आणि हाताला हार घालत नाहीत.

फोटोवाला काळ्या फडक्याखाली शिरला होता तेव्हा धरम मोठ्यानं म्हणाला, "बापूजी, पन्हळ कुठं गेली?"

जेठजी गळ्यातला हार सारखा करू लागले. "साहेब, आमची पन्हळ आहे," तो कौतुकानं सांगत होता, पदक छातीवर, "डोंगरातली माणसं थव्यानं येतात, त्यांना काकीसा पन्हळीतून पाणी देते. ती फोटोत हवी होती."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "कसली पन्हळ?"

जेठजींना खोकला लागला. गावाला काय, सगळ्यांना ठाऊक होतं, पण गाव कधी पहिल्यानं तोंड उघडत नाही. तेवढ्यात दुकानाच्या पडद्याआडून माझ्या जावेचा, हीराबाईचा, खणखणीत आवाज आला, "छपराची हो, छपराची! पावसाचं पाणी वाहायला. फुटली म्हणून डाग द्यायला दिली आहे!" साहेबांनी वर छपराकडे बघितलं. तिथं पन्हळ लावायला ना आकडा ना खुंटी. "हं," म्हणाले, आणि पाणी मागितलं. मी लोटा दिला. ते प्यायले आणि जाऊन मोटारीत बसले. पण धरम छपराकडे बघत राहिला होता. मग त्यानं खांबावरचा रिकामा खिळा बघितला. मग दगड. दगडाला चुना काढला होता, पण पाण्याच्या धारेनं वर्षानुवर्षं पडलेला खळगा त्यात तसाच होता, तो कुणाला पुसता आला नव्हता. पोराचा चेहरा कसा होत गेला ते मी विणीतून बघितलं. बघायला नको होतं.

दिवस मावळायच्या आधी तो ओट्यावर आला. मावळल्यावर मी पाणी घेत नाही, म्हणून माझा पितळी लोटा समोर भरून ठेवला होता.

"काकीसा, मी खोटं लिहिलं का?"

"तुला दिसलं ते लिहिलंस."

"पन्हळ रोज दिसत होती मला. तिच्यावर बसून घसरलोय मी, मार खाल्लाय त्याबद्दल. कशासाठी आहे तेवढं दिसलं नाही." त्यानं खांबावरच्या रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं. "तू का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"आणि तुला कुणी सांगितलं नाही?"

त्याला माझ्यावर रागवायचं होतं आणि जमत नव्हतं, पायानं वाळू उकरत होता, लहानपणी उकरायचा तशी. म्हणाला, पदक परत करतो, परीक्षकांच्या मंडळाला लिहितो की निबंध खोटा आहे. बापाला तसं सांगितलं तर बापानं कानफटात दिली होती. गाल अजून लाल होता. "म्हणाले, पदक परत केलंस तर शाळाही परत कर आणि गादीवर येऊन बस."

"तर मग पदक ठेव," मी म्हटलं. "निबंध खोटा आहे, पण तो तू एकट्यानं खोटा केलेला नाहीस. आणि खरा करणं तुझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

सूर्य पार टेकला होता. मी लोटा उचलून पाणी प्यायले, सगळं, न थांबता, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये. तो बघत राहिला. मग उठून गेला.

"दगा!" रस्त्यापलीकडून जेठजींचा आवाज आला, आणि मी आठवणीतून आजच्या सकाळी परत आले. ऊन ओट्यावर चढलं होतं. फुलीबाईच्या मागे आणखी दोघी-तिघी उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावर चारोळीच्या टोपल्या, त्यांच्या मागे एक म्हातारा. "दगा, धरमच्या काकीला सांग, बाजार भरला."

आमच्यात जेठांशी बोलत नाहीत. ते दगाशी बोलतात आणि मी ऐकते; मी खांबाला सांगते आणि ते ऐकतात. असा आमचा कारभार मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालू आहे, त्यात भांडणं झाली, समजुती झाल्या, एकदा त्यांच्या आजारपणात काढा किती वेळा घ्यायचा यावरून हुज्जतही झाली, आणि आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. बिचारा खांब सगळं पोटात घालून उभा आहे.

"खांबा," मी म्हटलं, "त्यांना सांग, काल साहेबांना दिलं तसंच आज देणार."

"दगा, काकीला सांग, साहेब गेले."

"खांबा, निबंध गेला नाही म्हणावं. टाळ्या वाजवल्या त्यावर. हार घेतला."

पानवाल्यानं सुपारी कातरायची थांबवली. जेठजी दुकानाच्या पायरीपर्यंत आले. त्यांचा आवाज उतरला, आणि उतरला की तो जास्त खरा असतो. "काकीला सांग, फार वर्षं बसली. दमली असेल. पन्हळ लावून पाणी देणार असेल तर द्यावं, नाहीतर उद्यापासून मी इथं एक ब्राह्मण बसवतो. काकीनं घरात आराम करावा."

आराम. मला एकदम जोंधळ्याचा वास आला. भर उन्हात, पानतंबाखूच्या आणि बैलांच्या वासात, तो कोंडलेला गोड वास माझ्या नाकात शिरला. त्या खोलीत दुपार कळत नाही. भिंतीतून बाजाराचा नुसता गुंगाट येतो, दूर कुठं आग्या मोहोळ उठल्यासारखा. मी एक हात दगाकडे केला. केला, खोटं कशाला सांगू. गोणपाटाचा खरबरीत स्पर्श बोटांना झाला, आतला पत्रा उन्हानं तापलेला. काय मोठं बिघडणार होतं? फुलीबाईला तरी सवय होती. पाणी तेच, रांजण तोच, आणि मी इथं, उजेडात. एखाद्या पोरानं चार ओळी लिहिल्या म्हणून माणसानं आपलं छप्पर सोडायचं? पण त्या ओळी माझ्या हातावर लिहिल्या होत्या. 'माझ्या काकीच्या हातात पाहिला.' वाळूत लिहिलेलं पुसता येतं, वर पाणी ओतलं की झालं. हे कशानं पुसायचं? आणि मला धरमचाही राग आला, जोराचा, मायेइतकाच जोराचा. इतकं चांगलं लिहायला त्याला कुणी सांगितलं होतं? विचारलं का मला, की काकीसा, तुला एवढं चांगलं व्हायचं आहे का?

मी हात मागे घेतला.

"फुलीबाई, वर ये. पायरीवर ये."

"कसाले?"

"लोटा देस मी तुले. हातमां."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग दगाच्या खांद्यावरच्या गोणपाटाकडे, मग पायरीवरच्या जेठजींकडे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. "मी वर येसू," ती शांतपणे म्हणाली, "आनि मार कोन खाई? तू?"

मागच्या बाया हसल्या. ती खरं बोलत होती. मी ओट्यावर बसून मोठेपणा करणार, आणि काठी बसायची ती तिच्या पाठीवर. मी निबंधातली बाई व्हायला निघाले होते ते दुसरीच्या जिवावर. तेव्हा एकच गोष्ट उरली, आणि ती इतकी साधी होती की मला लाज वाटली. मी घागर भरली. लोटा घेतला. आणि ओट्याच्या पुढच्या बाजूनं खाली उतरले. घरून मी मागच्या बोळानं येते आणि मागच्या बोळानं जाते. रस्त्याच्या बाजूला त्या पायऱ्यांवर माझा पाय कधी पडला नव्हता. धूळ पायाला भाजली. घागर कमरेवर, गुडघा कुरकुरतो आहे, विणीतून जमीन नीट दिसत नाही, अशी मी दगडापर्यंत गेले. काल दिवसभर धार पडली नव्हती तरी तो खळगा ओलसर होता. अनवाणी पाऊल बरोबर त्यात बसलं.

फुलीबाई मागे सरकली नाही. कमरेची दुधी, म्हणजे डोंगरातली माणसं पाणी नेतात तो वाळवून पोखरलेला भोपळा, ती तिनं सोडून पुढे केली. "तुन्हा लोटा ऱ्हाऊ दे. यामां टाक." मी ओतलं. लोट्याचा काठ दुधीच्या तोंडाला लागला, खट्ट वाजलं. थोडं पाणी दुधीबाहेर सांडलं.

"घाबरी ऱ्हायनी का?"

"हा."

"मंग कसाले उनी खाले?"

"पन्हय नही ना."

तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काही तरी हललं. ती प्यायली, सावकाश, घोट घोट मोजून घेतल्यासारखी. मग ओठ पुसले नाहीत, दुधीचं तोंडही पुसलं नाही, तशीच ती माझ्यापुढे धरली. "आते तू पी."

"मी?"

"बाजारमां बोली ऱ्हायनात, हाई बाईले भेद नही म्हने. पी मंग."

माझा पितळी लोटा वेगळा, माझी घागर वेगळी. दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्याला मी जन्मात तोंड लावलं नव्हतं, सख्ख्या जावेच्यासुद्धा. दुधीला धुराचा, मोहाच्या फुलांचा वास येत होता, आणि तिच्या ओठांची ओल काठावर चमकत होती. तिनं मला सोपं काही दिलं नव्हतं. तिनं मला धडा दिला होता, निबंधातला पहिलाच, आणि पाठ म्हणून दाखव म्हणत होती. मी दुधी घेतली. आता, पदर छातीपर्यंत असला की लोट्यानं पाणी पिता येतं, लोटा पदराखाली नेता येतो. दुधीचा दांडा लांब. मान पार मागे टाकावी लागते. मी टाकली. पदर घसरला, खांद्यावरून पाठीवर गेला, आणि पाणी तोंडात आलं, गार, जरासं कडवट. डोळे उघडे होते. वर एवढं मोठं आभाळ, कुठंही वीण नाही.

मी दुधी खाली घेतली तेव्हा जेठजी समोर होते, रस्त्याच्या मध्यावर. मी त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत प्रथमच सरळ बघितला. म्हातारा होता. डोळ्याखाली पिशव्या, आणि भ्यायलेला, माझ्याइतकाच भ्यायलेला.

"दगा!" त्यांना ओरडायला दगाच सापडला. "पन्हळ लाव म्हणतो ना!"

"कोठे लावू, शेठ?" दगानं विचारलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं असेल, आणि तेही खरोखर कळेना म्हणून.

मी खांब शोधला. खांब वर ओट्यावर राहिला होता. खाली कुणी नव्हतं, फक्त मी आणि ते.

"छपराला," मी म्हणाले. "जेठजी, ती छपराची आहे. काल साऱ्या गावासमोर, साहेबांसमोर आपल्या घरानं सांगितलं. छपराला लावू द्या."

पानवाला खोकला की हसला ते कळलं नाही. शाळेचे मास्तर छत्री मिटून उभे होते, त्यांनी गंभीरपणे छपराकडे बघितलं. काल जे बोललं गेलं ते खोटं होतं असं म्हणायला जेठजींना तोंड नव्हतं, आणि माझ्याशी बोलायची त्यांना सवय नव्हती. "काकीला सांग..." असं म्हणून ते कुणाकडे तरी बघू लागले, पण सांगायला मध्ये कुणी उरलं नव्हतं. मग एकटेच वळले. जाता जाता म्हणाले, हवेलाच म्हणाले, "उद्या बघू."

"पाणी गाळलेलं आहे," मी त्यांच्या पाठीला सांगितलं. ते मात्र त्यांना कळावं असं मला मनापासून वाटत होतं.

उद्या बघतीलच. उद्या ओट्यावर कोण असेल आणि मी कुठल्या खोलीत, ते मला कळतंय. पण मग गावाच्या डोळ्यांदेखत त्यांना ती छपरावरून उतरवून खाली लावावी लागेल, आणि तेव्हा धरमसारखं कुणी तरी मोठ्यानं विचारील.

दगा छपरावर चढला. सांगितलं तेवढंच तो करतो, पण करतो ते पक्कं करतो. पत्र्यावर हातोडीचे घाव पडू लागले, सगळा बाजार माना वर करून बघायला लागला. फुलीबाईनं दुधी कमरेला बांधली, टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता चालू लागली. तिच्या मागचा म्हातारा पुढे आला. ओंजळ त्यानं तोंडाशी धरली, डोळे मिटून, जुन्या सवयीनं धार वरून येईल म्हणून.

मी लोटा भरला. उजवा हात कुठंही गेला नाही. तो सरळ पुढे झाला, आणि त्यानं म्हाताऱ्याच्या ओंजळीला खालून आधार दिला.